दाराला लागलेलं रक्त

शाळेच्या लायब्ररीत माझा नवरा भिंतीवर हाय. फोटोला चंदनाचा हार, खाली कॉम्प्युटरची रांग. कॉम्प्युटर माझ्या लेकानं दिले, म्हनून शाळेनं त्या खोलीला त्याच्या बापाचं नाव दिलं. दाराबाहेर काळ्या दगडाची पाटी लावलीय. मी दुसरीपर्यंत गेलेली, अक्षर जुळवत जुळवत वाचते. पाटीवर लिहिलंय की खाडीचा बांध फुटला तेवा ह्यांनी आपल्या घराचं दार उपटून नेलं, आनि रक्त वाहत असताना ते दार छातीशी धरून पान्यात उभे राहिले, गाव वाचवलं.

दार नेलं ते खरं हाय. पान्यात उभे राहिले ते पन खरं. मी खोटं बोलनार नाय.

ती शाळा उभी हाय ती जागा आमच्याच भाताची. आमच्या बोनकोडे गावाच्या खाली खाडीपर्यंत सगळी खाचरं होती. खाडीचं खारं पानी शेतात येऊ नये म्हनून मातीचा लांब बांध, आनि पावसाचं पानी बाहेर सोडायला बांधात लाकडी उघाडी. बांधाची राखन गावानं वाटून घेतलेली. ज्याची पाळी त्यानं रोज फेरी मारायची, खेकड्यांनी बिळं केली तर बुजवायची. आता तिथं सेक्टर, सोसायट्या. बांध कुठून जात होता ते मला रस्त्यावरनं चालताना कळतं, दुसऱ्या कुनाला कळत नाय.

माझी नात त्याच शाळेत नववीला हाय. लायब्ररीच्या बाईंनी पोरींना काम दिलं, आपल्या भागात आधी काय होतं ते शोधून काढा. नातीच्या गटानं खाडीचा बांध घेतला. शोधलेलं सगळं कॉम्प्युटरमधल्या वहीत लिहायचं. ही वही नेटवर असते. शाळेत उघडली तरी तीच, घरी मोबाईलवर उघडली तरी तीच. एकीनं लिहिलं की गटातल्या बाकीच्या पोरींना तिथल्या तिथं दिसतं. वहीत कार्डं असतात. पुस्तकातनं, पाटीवरनं घेतलं तर पिवळं कार्ड. मानसाच्या तोंडून घेतलं तर हिरवं. कोन बोललं, कुठं, कधी, सगळं टाकायचं. शब्द सांगनाऱ्याचे ठेवायचे, आपले घुसवायचे नाय. खाली एक चौकट मोकळी, तिथं 'माझं मत'.

आनि बाईंचा एक नियम होता. दोन कार्डं एकमेकाला जुळली नाय तर एक पुसायचं नाय. दोनी शेजारी ठेवायची आनि ज्याला ठाऊक असेल त्याला विचारायचं.

पयलं कार्ड नातीनं त्या दगडाच्या पाटीवरनंच केलं. पिवळं. मंग ती माझ्याकडं आली. मी सुके बोंबील निवडत बसलेली, डोकी मोडून टाकत. तिनं मोबाईल पुढं ठेवला, उघाडी कशी असते, उधानाचं पानी कुठवर चढायचं, सगळं विचारलं. मी सांगत गेले. मंग तिनं विचारलं,

"आजे, आजोबांना लागलं कुठं होतं?"

"का गो?"

"पाटीवर रक्त लिहिलंय. पन डोक्याला, हाताला, कुठं ते लिहिलं नाय. बाई विचारतील."

मी बोंबील खाली ठेवला. नवरा माझा शेवटची वर्षं लकव्यानं खाटेवर होता. त्याचं अंग मीच पुसलं, पाठ, मांड्या, पायाची बोटं. त्याच्या अंगावर लहानपनी देवी आलेल्या त्याचे वन होते. जखमेचा एक वन नव्हता.

गावात ही गोष्ट सगळे सांगतात, दाराला रक्त लागलं होतं. रक्त होतंच. ज्यांनी ज्यांनी दार धरलं त्यांनी पायलं. कुनाचं, ते कोन विचारनार, दार धरून तोच उभा होता.

"रक्त माझं होतं," मी बोलले.

नातीनं माझ्याकडं बघितलं, मंग माझ्या डाव्या हाताकडं. हा हात कोपरापासून सरळ होत नाय. आजवर कुनी विचारलं तर बांधावर पडले असं सांगायचे. घरातलं कोन विचारतच नव्हतं.

मंग मी तिला ती सकाळ सांगितली.

त्या पंधरवड्यात राखनीची पाळी आमच्या घराची होती. मी खेकडी धरायला गेलेली तेवा बघितलं, उघाडीच्या बाजूला बांध पाझरत होता. माती लोन्यासारखी झालेली, पाय घातला तर घोट्यापर्यंत आत. उधान जवळ आलेलं. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. चूक एवढीच झाली की तेवा त्याचा भाऊ ओटीवर बसला होता. भावानं हसून विचारलं, काय रं, आता बायको बांध राखते का.

नवरा उठला. मारायचा तो नेहमीच. फावड्याच्या दांड्यानं मारायचा, ओल्या काथ्यानं मारायचा, जेवताना ताट फेकून मारायचा. माझ्या कानामागं ताटाची खून अजून हाय. मार कसा खायचा ते मला येत होतं, पोट आत घ्यायचं, तोंड भिंतीकडं करायचं, आवाज काढायचा नाय कारन आवाजानं त्याला चेव यायचा. पन त्या दिवशी त्यानं मला केसाला धरून घराबाहेर काढायला घेतलं. पावसाचे दिवस, पोर चुलीपाशी बसलेलं. मी चौकट धरली. सोडली नाय. त्यानं दार लोटलं. हात मधी होता. त्यानं परत लोटलं, सगळं अंग टाकून. सागाचं दार, सासऱ्यानं केलेलं, लोखंडी पट्ट्या मारलेल्या. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पट्टीनं कातडं फाटून आतलं पांढरं दिसलं. रक्त दारावरनं खाली ओघळलं, उंबऱ्यापर्यंत.

तो दार सोडून भावासोबत निघून गेला.

सासूनं हळद भरली, बांबूच्या पट्ट्या लावून लुगड्याच्या चिंधीनं हात बांधला. बांधताना ती एवढंच बोलली, बायामानसानं चारचौघात बोलू नये.

भरतीच्या वेळेला बांध फुटला. उघाडीच्या बाजूलाच. आधी ढोलासारखा एक आवाज झाला, मंग मानसं ओरडत धावली. बांधात भगदाड पडलं की आमी त्याला खांड म्हनतो. त्या खांडीतनं पानी उड्या मारत आत येत होतं. शेजाऱ्याचं वासरू गेलं. मुंडकं दोनदा वर आलं, मंग नाय दिसलं. माती टाकावी तर पानी खेचून न्यायचं. तेवा माझा नवरा घराकडं पळाला, बिजागऱ्या उपटल्या, दार डोक्यावर घेतलं आनि खांडीत उतरला. दार आडवं लावून त्याला पाठ दिली. पानी गळ्यापर्यंत. अजून दोघंतिघं उतरले. बाकी गावानं रांग लावून चिखलाच्या ढेपा पुढं दिल्या. मी पन रांगेत होते, उजव्या हातानं ढेप घ्यायची, पोटाशी धरायची, पुढं द्यायची. गावातलं कोन घरी बसत नव्हतं, बांध फुटल्यावर आजारी नाय, बाळंतीन नाय. हाताचं कुनी विचारलं नाय. पानी वळेपर्यंत तो हलला नाय. ओठ काळे पडले होते. गावानं त्याला उचलून आनला.

दार तिथंच राहिलं, मातीत. दिवाळीपर्यंत आमच्या घराला पोत्याचा पडदा होता. राखनीची पाळी आमची होती हे कुनी काढलं नाय, नंतर पन नाय.

हे सगळं मी बोलत गेले आनि मोबाईलवर आपोआप अक्षरं उमटत गेली. नातीनं वाचून दाखवलं. 'हाय' होतं तिथं 'हाय'च ठेवलं होतं. टाकू का, विचारलं. मी टाक बोलले. हिरवं कार्ड झालं, पाटीच्या पिवळ्या कार्डाच्या शेजारी.

मंग पोरीनं एक केलं. आमच्या घरच्यांचा व्हॉट्सॅप ग्रुप हाय, सकाळी देवाचे फोटो, दुपारी लग्नाच्या पत्रिका. त्यात तिनं वहीची लिंक टाकली. खाली लिहिलं, आजोबा आनि आजीवर प्रोजेक्ट. सगळे खाली अंगठ्याचं चित्र टाकतील असं तिला वाटलं. तिची काय चूक. घरात जे मोठ्यांना ठाऊक हाय ते बोलायला काय हरकत, असं पोराटोरांना वाटनारच.

आनि माझ्या लेकाला तर सगळं ठाऊक होतं. चुलीपाशी बसलेलं पोर तोच.

लेकाचं कळंबोलीला ट्रान्सपोर्टचं ऑफिस हाय. तिथनं तो भर दुपारी घरी आला. चपला काढल्या नाय. नात जेवत होती. त्यानं पयली लाथ ताटाला मारली. मंग तिला वेनीला धरून उठवली आनि तोंडावर मारलं, हाताची उलटी बाजू, अंगठीची. ओठ फुटला. मोबाईल फरशीवर आपटला, उचलून परत आपटला. ती 'पप्पा' बोलली तेवा परत मारलं. सून ओट्याला टेकून उभी, हातात उलथनं, तशीच. मी मधी गेले. त्यानं मला ढकललं, मी फ्रीजवर आपटले, तिथनं खाली बसले. खाली बसून मी त्याचा पाय धरून ठेवला, हलू दिला नाय. उजव्या हातात माझ्या अजून ताकद हाय.

तो ओरडत नव्हता. बाप पन ओरडायचा नाय. हळू आवाजात बोलत होता, ट्रकवाल्यांसमोर त्यानं तोंड कसं दाखवायचं, गावातल्या चौकाला बापाचं नाव द्यायचं चाललंय, आनि ह्याच्याच घरातनं शेन फेकलं.

"पूस," तो पोरीला बोलला. "आत्ता. माझ्यासमोर."

सुनेच्या मोबाईलवरनं तिनं वही उघडली. स्क्रीनवर रक्ताचा थेंब पडला, तो तिनं बाहीनं पुसला आनि मंग कार्ड पुसलं. लेकानं स्वतः बघितलं, गेलं का. मंग सांगितलं, उद्यापासून शाळा बंद. ही परीक्षा पन नाय. उरनला आत्याकडं जायचं, तिथं एक स्थळ हाय ते बघून ठेवतो.

पोर नववीत हाय. पंधरावं चालू. माझ्या लग्नात मी पन तेवढीच होते.

दुसऱ्या दिवशी लेक कामाला गेल्यावर मी शाळेत गेले. चालत गेले. वॉचमननं कोन पायजे विचारलं. भिंतीवर हाय त्याची बायको, मी बोलले, त्यानं सोडलं.

लायब्ररीच्या बाई तरन्या हायत, आवाज बारीक. मी त्यांना झालं ते सांगितलं. ओठाचं ऐकलं तेवा त्या खुर्चीत बसल्या. मंग कॉम्प्युटर लावला.

"आजी, या वहीत पुसलेलं जात नाही," त्या बोलल्या. "जुन्या प्रती राहतात. हे बघा, कधी लिहिलं, कधी पुसलं."

पडद्यावर माझं सगळं परत आलं, फिकट रंगात. बाजूला नातीचं नाव दोनदा होतं, एकदा लिहिल्याचं, एकदा पुसल्याचं. ते दुसरं नाव बघून मला ताटावरची लाथ परत दिसली.

बाईंनी सरळ सांगितलं. कॉम्प्युटर तुमच्या मुलानं दिलेत, माझी नोकरी कंत्राटी आहे, मला भीती वाटते. पण शब्द तुमचे आहेत. तुम्ही हो म्हणाल तर परत आणते, नाही म्हणाल तर नाही. मला कोन विचारत नाय कधी असं. मी विचार केला. कार्ड परत आलं तर मार पोरीला पडनार, कारन नाव तिचं हाय. कार्ड नाय आलं तर पोर उरनला जानार, तोंड मिटून, माझ्यासारखी.

मी विचारलं, पोरीचं नाव काढून माझं घालता येतं का.

बाई बोलल्या, जुन्या कार्डावरचं नाव बदलता येत नाही, बदलूही नये. पण तुम्ही स्वतः नवीन कार्ड करू शकता. तुम्हाला वहीत घेते.

त्यांनी मला वहीत घेतली. नाव टाकलं. नावाच्या बाजूला गोल आला, त्यात माझं पयलं अक्षर. मी माईकपाशी बसले आनि सगळं परत बोलले, पयल्यापासून. फोटोतला नवरा वरनं बघत होता. मी थांबले नाय. शेवटी एक वाढवलं. हे माझ्या नातीनं लिहिलं म्हनून तिच्या बापानं तिला मारलं, तिचा ओठ फुटला, तिची शाळा बंद केली. हे ठेवायचं ना, बाईंनी विचारलं.  मी ठेवा बोलले.

पुन्यतिथीला शाळेत कार्यक्रम होता. लेक प्रमुख पावना. मला गाडीत बसवून नेली, पैठनी नेसवून. पुढच्या रांगेत गावातली जुनी मानसं, मागं पोरं आनि आया. नात घरी होती, ओठाची सूज उतरली नव्हती. लेकानं नारळ फोडला, हार घातला. भाषनात तेच सांगितलं, दार, पानी, रक्त. त्याचा आवाज भरून आला. तो खोटा नव्हता, बापावर त्याचा जीव होता.

मंग एकेका गटानं आपली वही मोठ्या टीव्हीवर दाखवली. बांधाचा गट आला. नात नव्हती म्हनून दुसरी पोर उभी राहिली. तिनं उघाडीचं चित्र दाखवलं, मंग पिवळं कार्ड वाचलं. मंग बोलली, हे कार्ड एका कार्डाशी जुळत नाही, म्हणून आमच्या नियमाप्रमाणे दोन्ही ठेवलीत. आनि हिरवं उघडलं.

सगळं वाचलं पोरीनं. ओठ फुटला, शाळा बंद केली, ते पन.  लेक हसरं तोंड करून बसला होता. तोंड तसंच राहिलं, मानेवरची शीर वर आली.

बाईंनी प्रत्येक गटाला विचारलेलं तेच विचारलं, कुणाला काही जोडायचंय का. पुढच्या रांगेत एक म्हातारा होता, माझ्या नवऱ्यासोबत खांडीत उतरलेल्यांतला. आता काठी घेऊन चालतो. तो बसल्या जागी बोलला.

"दार मी एका बाजूनं धरलेलं. रक्त सुकलेलं होतं. आमी पान्यात उतरायच्या आधीचं."

एवढंच. आनि काठीवर हनुवटी टेकवली. बाईंनी ते पन त्याच्या नावानं वहीत टाकलं, सगळ्यांसमोर.

लेकानं चहा घेतला, फोटो काढले, बाईंना नमस्कार केला.  गाडीत मी खिडकीतनं बाहेर बघत होते. बांध जिथनं जायचा तिथं आता केकचं दुकान हाय.

घरात शिरलो आनि त्यानं मला मारलं. कानाखाली. आजवर ढकलली होती, हात टाकला नव्हता. डोक्यात शिट्टी वाजली. त्या कानानं मला अजून कमी ऐकू येतं. तोल गेला तेवा चौकट हाताशी होती. मी धरली नाय. खाली पडले, पन चौकट धरली नाय.

खाली पडूनच मी त्याला बोलले, "तू तिथं होतास. चुलीपाशी. सांग, खोटं बोलले का मी?"

तो उभा. हात अजून वर.

"मार अजून. याचं पन कार्ड होईल. कोन, कुठं, कधी. आता मला येतं करायला."

सून आतनं आली. माझ्या लेकाच्या लग्नापासून मी तिला मोठ्यानं बोलताना ऐकली नव्हती, तेवा पन मोठ्यानं नाय बोलली. तिनं ब्लाउजची बाही वर केली. दंडावर जुनं निळंपिवळं होतं.

"माझं पन हाय," ती बोलली. "मी पन सांगीन. पोरगी सोमवारी शाळेत जानार."

लेकानं तिचा दंड बघितला जसा काय कधी बघितलाच नव्हता. मंग गाडीची चावी उचलली आनि गेला. दारं आमची आता प्लायची, लागताना आवाज पन होत नाय धड.

तो सुधारला असं मी सांगनार नाय. ऑफिसात जेवतो, उशिरा येतो, माझ्याशी बोलत नाय. परवा गेटपाशी वॉचमनच्या मुस्काटात मारली त्यानं. चौकाला नाव द्यायचं बारगळलं. पन पोरीवर हात टाकला नाय, आनि उरनचं नाव परत काढलं नाय. दगडाची पाटी अजून तशीच हाय. बाई बोलल्या, पाटी वहीसारखी नाही, ती बदलायला कमिटी लागते. त्यांना पुढच्या वर्षी ठेवतील का नाय ते पन ठाऊक नाय.

नातीनं त्या हिरव्या कार्डाखालची चौकट मोकळीच ठेवलीय. 'माझं मत' लिहिलंय आनि खाली काय नाय. मी विचारलं तर बोलली, आजे, टेन्शन नको घेऊ, सुचलं की लिहीन. बाईंनी पन घाई केली नाय.

सकाळी ती डबा घेऊन निघते. ओठावर बारीक पांढरी रेघ राहिलीय. लिफ्टपर्यंत मी बघते. मंग दार मी लावते. आधी हात बाजूला घेते, मंग लावते.